चोवीस आरे कोणासाठी?

गेल्या १५ ऑगस्टची गोष्ट. फोंडा महालातील एका देवस्थानाच्या प्रांगणात ध्वजवंदन झाले आणि ते आटोपल्यावर समितीने अग्रशाळेच्या भिंतीवर एका फलकाचे अनावरण केले. फलकावर सर्वांत वर सारनाथची सिंहमुद्रा, मध्यभागी निळे चक्र, आणि चक्राच्या प्रत्येक आऱ्यापुढे एकेक गुण लिहिलेला: त्याग, आज्ञापालन, संयम, सहनशीलता, निष्ठा, असे एकूण चोवीस. त्याखाली ठळक अक्षरांत, सेवकवर्गाने या गुणांपासून स्फूर्ती घेऊन आपले काम करावे, अशी सूचना होती. आणि सूचनेखाली समितीच्या सर्व पदाधिकाऱ्यांची नावे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे. मी त्या देवस्थानचा एक महाजन आहे, आणि समारंभात माणसाचे हात त्याला न विचारता चालू लागतात.

देवळाचे प्रांगण आणि तळीच्या पायऱ्या चौदा वर्षे झाडणारी एक बाई त्या गर्दीच्या कडेला उभी होती. जुलैच्या पावसात तळीच्या पायरीवरील शेवाळ घासताना पाय घसरून तिच्या मनगटाचे हाड मोडले. एकोणीस दिवस ती घरी राहिली आणि एकोणीस दिवसांचा पगार कापला गेला. नेमणुकीचा कागद तिच्यापाशी नाही. पगाराचा दिवसही ठरलेला नाही; कधी दहा तारखेला, तर कधी फंडपेटी उघडून मोजणी झाल्यावर. त्या दिवशी धीर करून तिने एका पदाधिकाऱ्याला कापलेल्या पैशांविषयी विचारले. त्याने हसून फलकाकडे बोट केले आणि पहिला शब्द वाचून दाखवला: त्याग. तो गृहस्थ दुष्ट नव्हे. उलट मनाने मऊ म्हणूनच गावात त्याची ख्याती आहे. आपण काही गैर केले, अशी पुसटशी शंकाही त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, आणि मला धक्का बसला तो याचाच. बाई माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, “वकीलसायब, म्हजें कितें चुकलें?”

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. राष्ट्रचिन्हांपासून कामाच्या ठिकाणी स्फूर्ती घेण्याला माझा विरोध नाही. ध्वज वर्षातून दोनदा फडकवावा आणि उरलेले दिवस घडी करून कपाटात ठेवावा, यापेक्षा त्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात उतरावा, असे मलाही वाटते. परंतु हल्ली कचेऱ्या, कारखाने, शाळा, पतपेढ्या आणि आता देवस्थानेही हा अर्थ ज्या रीतीने लावीत आहेत, ती रीत उफराटी आहे. जे वचन धन्याला उद्देशून आहे, ते चाकराच्या गळ्यात बांधले जात आहे.

प्रथम त्या चोवीस गुणांचीच चौकशी करू. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने ध्वजाचा जो ठराव संमत केला, त्यात केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन पट्टे, मध्ये चरख्याचे द्योतक म्हणून निळे चक्र, आणि त्या चक्राची आकृती सारनाथच्या सिंहशीर्षावरील चक्राप्रमाणे, एवढेच सांगितले आहे. अमुक आरा म्हणजे संयम आणि तमुक आरा म्हणजे आज्ञापालन, असे त्या ठरावात एक अक्षर नाही. ही यादी मागाहून कोणीतरी रचली आणि ती हातोहात पसरली. यादी सुंदर असेल, पण ती राष्ट्राने काढलेली आज्ञा नव्हे. आणि ज्या वस्तूला आधार नाही ती पुराव्यात दाखल करता येत नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण आहे.

ठरावाच्या वेळी जे खरोखर बोलले गेले, ते मात्र या यादीहून पुष्कळ अवघड आहे. ठराव मांडताना पंडित नेहरूंनी सांगितले, की चरखा हा सामान्य माणसाचा आणि त्याच्या श्रमाचा प्रतिनिधी म्हणून ध्वजावर आला होता. दोन्ही बाजूंनी तो सारखा दिसत नाही, ही अडचण होती म्हणून त्याचे चाक तेवढे ठेवले. म्हणजे ध्वजाच्या मध्यभागी जे चक्र आहे ते मुळात कष्टकऱ्याच्या हातचे हत्यार आहे. त्याच समितीत डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ उलगडून सांगितला. केशरी रंग हा निःस्पृहतेचा, आणि ती निःस्पृहता त्यांनी मागितली ती पुढाऱ्यांकडून: ऐहिक लाभाविषयी ज्यांनी उदासीन राहून स्वतःला कामाला वाहून घ्यावे, ते नेते. झाडू मारणाऱ्या बाईने एकोणीस दिवसांचा पगार सोडावा, हा त्या केशरी रंगाचा अर्थ करण्यास केवळ अज्ञान पुरत नाही. त्याला थोडी सोय पाहण्याची वृत्तीही लागते.

आता त्या चक्राच्या मूळ धन्याकडे जाऊ. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत धर्म धर्म म्हणून जो सांगितला, त्याचा अनुवाद आपण इतक्या ढोबळपणे करतो की त्यात काय आहे हे वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. त्याचा नववा मोठा शिलालेख तर देवस्थानांच्या चालकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. अशोक म्हणतो, लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात. ती करावीत, पण त्यांचे फळ थोडे. महाफळ देणारे मंगल निराळे आहे. आणि त्या मंगलाची गणना तो जिथून सुरू करतो, तिथे पहिले नाव दास आणि भृतक यांचे आहे, म्हणजे गुलाम आणि पगारी नोकर यांच्याशी यथायोग्य वागणे. वडीलधाऱ्यांचा मान, प्राणिमात्राविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान, हे सारे त्याच्यामागून येते.

हा लेख कुठे दूर कलिंगात किंवा गिरनारातच आहे असेही नाही. आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, सोपाऱ्याला, आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली मिळाला. प्राचीन शूर्पारक बंदरात जहाजे भरणारे हमाल, ओझी वाहणारे, मजूर यांच्या डोळ्यांसमोर तो दगड उभा असेल. त्यांना वाचता येत होते की नाही, कोण सांगणार? पण त्यांचे धनी वाचणारे होते, आणि लेख त्यांच्यासाठीच होता. सहाव्या लेखात तर राजा स्वतःलाच बांधून घेतो: मी जेवत असेन, अंतःपुरात असेन किंवा उद्यानात असेन, प्रजेचे काम माझ्यापर्यंत कोणत्याही वेळी यावे. आमच्या समितीच्या कार्यालयावर, सेवकांनी तक्रारी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आणाव्यात, अशी पाटी आहे. अशोकाचे चक्र मात्र त्याच भिंतीवर आहे.

यावर आमचे काही सन्मान्य महाजन म्हणतील: “देवाच्या दारची सेवा ती, तिथे पगाराचा हिशेब कसला?” सेवेचे माहात्म्य मी जाणतो. वर्षाची पालखी खांद्यावर घेणारा, अन्नसंतर्पणाचा खर्च उचलणारा, पहाटे उठून हार गुंफणारा, हे सारे सेवा करतात. परंतु त्यांना ती करण्याची किंवा न करण्याची मोकळीक आहे. त्यांचे नाव जत्रेत पुकारले जाते, आणि घरी परतल्यावर त्यांची चूल पेटते ती निराळ्या मिळकतीवर. जिची चूल याच कामावर पेटते, तिच्या कामाला सेवा म्हणणे हा गौरव असेल, तर गौरवाबरोबर दामही द्यावा. अन्यथा पदाधिकाऱ्यांनीच आळीपाळीने तळीच्या पायऱ्या घासाव्यात. ती खरी सेवा होईल आणि शेवाळ किती निसरडे असते याचा अनुभवही येईल.

दुसरे म्हणतील, संस्थेला उत्पन्न नाही. काही लहान देवस्थानांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे आणि त्यांची ओढाताण मी पाहिली आहे. त्यांनी कामाचे तास कमी करावेत, उघडपणे तसे सांगावे. गुपचूप कपात करू नये. ज्या देवस्थानात गर्भगृहाच्या चौकटीला नव्याने चांदी मढवली जाते, त्यांनी हे कारण पुढे करू नये, एवढेच.

कायद्याचा कीस मी इथे काढणार नाही. कोणता कामगार कायदा देवस्थानाला लागू आणि कोणता नाही, हा न्यायालयात वर्षानुवर्षे घोळवता येईल असा विषय आहे. पण काम करताना झालेल्या इजेचा भार कामगारावर न टाकता मालकाने सोसावा, हे तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ सालीच कायद्यात आले. २०१९ च्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा असे म्हटले आहे. घटनेचे ४२ वे कलम कामाच्या न्याय्य आणि माणुसकीच्या परिस्थितीविषयी बोलते, ४३ वे निर्वाहाला पुरेल अशा वेतनाविषयी. परक्यांचे सरकार आणि स्वकीयांचे सरकार या दोघांना जे सुचले, ते देवाच्या दारी कायद्याने भाग पाडल्याशिवाय सुचू नये काय? जाता जाता आणखी एक. सिंहमुद्रेच्या गैरवापराला आळा घालणारा २००५ चा कायदा आणि त्याखालील २००७ चे नियम असे आहेत की ज्यांना अधिकार दिलेला आहे त्यांच्याखेरीज कोणी ती मुद्रा वापरू नये; आणि कायदा मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेवकांना निष्ठेचा पाठ देणारा आमचा फलकच कायद्याच्या कक्षेत येतो, हे सांगताना मला आनंद होत नाही. अगदीच होत नाही असेही नाही.

सेवकांकडे काहीच मागू नये, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. कामचुकार माणसे देवळातही असतात; दिव्याचे तेल घरी नेणारेही मी पाहिले आहेत. राष्ट्रध्वजात त्यांच्यासाठीही धडा आहे, पण तो आऱ्यांच्या यादीत शोधू नये. तो ध्वज कसा तयार होतो, यात शोधावा. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाला आहे. सूत किती पिळाचे, विणीत किती धागे, रंग उन्हापाण्यात किती टिकावा, चक्र दोन्ही अंगांनी एकमेकांवर नेमके कसे बसावे, हे सारे त्यात ठरवून दिले आहे. बेळगावाहून फार लांब नाही अशा धारवाड तालुक्यातील गरग गावी ध्वजाची खादी विणली जाते आणि हुबळीच्या बेंगेरीत तिचे ध्वज शिवले जातात. तिथे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. एक धागा कमी पडला तर कापड बाद होते. कामातील सचोटी म्हणजे काय, हे त्या मागावर दिसते. (आणि ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाल्यावर आपण सर्वांनी स्वस्तातला ध्वज विकत घेतला. आमच्या देवस्थानाचा ध्वज कोणत्या कापडाचा होता, हे मी हात लावून पाहिले. असो.)

गोमंतकात या ध्वजाविषयी सैलपणे बोलणे तर विशेषच वाईट. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या आणि इतर नाक्यांवरून तो हाती घेऊन निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले, आणि पोर्तुगीज गोळ्यांनी त्यांच्यापैकी वीसहून अधिक जण मारले गेले. त्याग हा शब्द त्यांनी स्वतःच्या बाबतीत वापरला, दुसऱ्याच्या पगाराच्या बाबतीत नव्हे.

त्या समारंभानंतर आठवड्याने मी समितीला एक पत्र दिले. त्यात तीन मागण्या आहेत: त्या बाईला एकोणीस दिवसांचा पगार आणि औषधपाण्याचा खर्च द्यावा, सर्व सेवकांना नेमणुकीचा कागद आणि पगाराचा ठराविक दिवस द्यावा, आणि फलकावरील मुद्रा काढून, तिच्या जागी समितीची सेवकांप्रति असलेली कर्तव्ये लिहावीत. चोवीस नकोत, चार पुरेत. पत्राची पोच मिळाली आहे. बाई मोडलेल्या हाताला पट्टी बांधून पुन्हा कामावर येते, आणि सोमवारी सकाळी त्या फलकाच्या काचेवरची धूळ तीच पुसते.