आधी विमा, मग सायकल

यंदा गणपतीच्या आरतीला मी टाळ्या वाजवल्या नाहीत. डावा हात प्लास्टरमध्ये होता, आणि एका हाताने टाळी वाजत नाही हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. प्रसादाच्या रांगेत चौकशी सुरू झाली. जंगलातल्या टेकडीवर सायकल चालवताना पडलो, असे सांगितल्यावर एक काकू म्हणाल्या, “अरे, तुझ्याकडे गाडी आहे ना?” सगळे हसले. त्यांच्यामागे उभे असलेले काका मात्र हसले नाहीत. “दोन लहान मुलं आहेत तुला. तुझ्या एकट्याच्या पगारावर घर चालतं. हा धोका घ्यायचा तुला अधिकार आहे का?”

प्रश्न रास्त होता. रांगेत उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून इथे देतो.

आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, हिल्सबरोजवळ, सोरलँड माउंटन प्रिझर्व्ह आहे. नाव डोंगराचे असले तरी आपल्या सिंहगडापुढे ती टेकडीच. पण झाडी दाट, आणि तिच्यात काळ्या दगडांचा नुसता खच. हा दगड डायबेस, म्हणजे सह्याद्रीच्या बेसॉल्टचा जवळचा नातेवाईक. शिलारस साधारण एकाच जातीचा. बेसॉल्ट जमिनीवर येऊन थिजला, डायबेस जमिनीच्या पोटातच. या दगडांमधून आणि झाडांच्या मुळांवरून जाणारी पायवाट सायकलने पार करायची, याला इथे ‘टेक्निकल’ ट्रेल म्हणतात. वेग पुष्कळदा चालण्याइतकाच असतो. कस लागतो तो तोल सांभाळण्याचा. जो दगड चुकवायचा त्याच्याकडे पाहत राहिलात, तर चाक नेमके त्यावरच जाते. नजर पुढच्या मोकळ्या जागेवर हवी. हा खेळ 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतल्या तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर रुजवला. पुण्यात सायकलवरून शाळा-कॉलेज केलेल्या माणसाला तो परका वाटायचे कारण नाही.

आता या वयात हा उद्योग कशाला? माझ्या वडिलांना 52 व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. ते बारीक होते, निर्व्यसनी होते, पण आयुष्य बँकेतल्या खुर्चीवर गेले होते. मीही दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरपुढे बसतो. मागच्या वर्षी रक्ततपासणीत ए-वन-सी 5.9 निघाले, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी 2018 च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा घटक मानला आहे. मधुमेहाच्या तपासणीसाठीही इतरांना बीएमआय 25 ची रेघ, तर आशियाई वंशाच्या लोकांना 23 ची. तेव्हा काकांचा प्रश्न उलटाही विचारता येतो: बसून राहण्याचा धोका घ्यायचा मला अधिकार आहे का?

मोठ्या माणसाने आठवड्याला 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे दमवणारा व्यायाम करावा, अशी इथल्या सरकारची शिफारस आहे. जिममध्ये हे होत नाही का? होते, पण जाणाऱ्याचे. मी जानेवारीत नाव घातले. मार्चपासून तिथे फक्त माझे पैसे जात होते. टेकडीवर मात्र आपण होऊन जावेसे वाटते.

तरीही काकांचे निम्मे म्हणणे खरे आहे. त्या दिवशी आदल्या रात्रीच्या पावसाने मुळे निसरडी झाली होती, मी दमलो होतो, उतरून चालायला हवे होते. उतरलो नाही. मनगटाचे हाड मोडले. इमर्जन्सी रूम, एक्स-रे आणि हाडांचे डॉक्टर मिळून 3,100 डॉलर माझ्या खिशातून गेले. हप्ता कमी म्हणून मी मोठ्या डिडक्टिबलचा प्लॅन घेतला होता, आणि त्याच्या जोडीच्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये दोन वर्षांत एक डॉलरही टाकला नव्हता. सायकलीवर मात्र 1,400 डॉलर विनातक्रार खर्चले होते!

म्हणून माझे मत असे आहे की हा खेळ जरूर खेळावा, पण खर्चाचा क्रम बदलावा.

पहिला खर्च विम्याचा. आपले डिडक्टिबल किती आणि वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात, हे दोन आकडे पाठ हवेत. निदान डिडक्टिबलइतके पैसे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमध्ये असावेत. ते वर्षअखेर बुडत नाहीत आणि फेडरल करात सूट मिळते. न्यू जर्सीच्या राज्य करात मात्र मिळत नाही. शिवाय न्यू जर्सीत 1948 पासून तात्पुरत्या अपंगत्वाचा सरकारी विमा आहे. कामाबाहेर झालेल्या दुखापतीने नोकरदाराचे काम बंद पडले, तर पगाराचा काही भाग जास्तीत जास्त 26 आठवडे मिळतो. त्यापुढे काय, हे आपल्या कंपनीला विचारून ठेवा. आयुर्विम्याच्या अर्जात छंद विचारले असतील तर खरे लिहा.

दुसरा खर्च हेल्मेटचा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे.

सायकलीचा खर्च सर्वांत शेवटी. पहिले वर्ष जुनी सायकल पुरे. सुरुवात फ्रँकलिन टाउनशिपमधल्या सिक्स माइल रनच्या सोप्या वाटांवर करा, मग सोरलँड. अवघड वाटले तर उतरून चाला. कोणी हसत नाही. एकटे जाऊ नका. घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते पाहा. लाइम रोग आपल्या भागात पुष्कळ आहे, आणि गोचीड 24 तासांच्या आत काढली तर त्याचा धोका बराच कमी होतो.

मागच्या आठवड्यात प्लास्टर निघाले. बायकोने दोन अटी घातल्या: दर पगारातून त्या अकाउंटमध्ये पैसे टाकायचे, आणि एकटे जायचे नाही. दोन्ही मान्य केल्या.

तेव्हा काका, अधिकार आहे, पण तो आधी हप्ता भरून मिळवावा लागतो. येत्या शनिवारी सकाळी आपणही सोरलँडला या. सायकल नको, चालणाऱ्यांची वाटही तीच आहे.