कोंबडी गरिबाची, कुत्रा बंगल्याचा

बेळगावच्या उद्यमबागेला लागून मजगाव, अनगोळ, पिरनवाडी ही वस्ती आहे. फौंड्रीत आणि मशीनशॉपमध्ये राबणाऱ्या कित्येक घरांच्या परड्यात आजही कोंबड्यांचं खुराडं असतं. अंड्यांचा हिशेब बाई ठेवते आणि त्यातून आलेला पैसा तिच्या हातचा असतो. शेजारचं फाटक उघडं राहतं, कुत्रं परड्यात शिरतं आणि सकाळी पिसं तेवढी उरतात. ती विचारायला गेली की उत्तर ठरलेलं: "कुत्रं हाय ते, धरणारच की! दुसरी घ्या."

दुसरी घ्या? गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडीच देते. खुडूक बसली की 21 दिवस अंडी उबवते, मग कित्येक आठवडे पिलं तिच्या पंखाखाली जगतात. ती मेली की थंडी, घार आणि मांजर यांतून किती पिलं वाचतील? पोराच्या वह्यांचे पैसे त्या पिलावळीतच होते. ज्यांनी कधी पाच रुपयांचा हिशेब केला नाही, त्यांनाच 'एक कोंबडी' किरकोळ वाटते.

कुत्र्याला दोष देऊ नका. पळणाऱ्या पाखरामागे धावणं त्याच्या रक्तात आहे. पोट भरलेलं असलं तरी ते एकीमागून एक मारत सुटतं. पण दिवसभर त्याला साखळीला जखडायचं, फिरवायचा कंटाळा करायचा आणि रात्री राखणीच्या नावाखाली मोकळं सोडायचं, हे तर माणूसच करतो. राखण तुमच्या घराची आणि किंमत शेजारणीने मोजायची?

कायदाही तिच्या फारसा कामाचा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 जनावराबाबतच्या हयगयीला शिक्षा सांगतं, पण माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा धोका असेल तरच. कोंबडीच्या भरपाईसाठी दिवाणी दावा लावायचा, म्हणजे रोजगार बुडवून कोर्टाची पायरी चढायची. तेव्हा न्याय गल्लीतच व्हायला हवा. गल्लीतले पुढारी एरवी प्रत्येक भांडणात मध्यस्थी करतात. इथे गप्प बसतात, कारण कुत्रा बंगल्याचा. तोच झोपडीचा असता तर महापालिकेची गाडी बोलवा म्हणून हेच ओरडले असते. ही गल्लीची लाचारी आहे.

दाबून ठेवलेला राग मग मटणाच्या तुकड्यातल्या विषात उतरतो. कुत्र्याला असं विष घालून मारणं हा त्याच न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि मुक्या जिवाला तडफडवून मारणं हे घोर पापही आहे. विष घालणाऱ्याला शिक्षा व्हावीच. पण त्याची दाद आधी ज्यांनी हसण्यावारी नेली, ते निर्दोष कसे?

कोंबडीवाल्यांनीही सांजेला खुराडं बंद करावं. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रं दातांनी फाडतं. जाड वेल्डमेश वीतभर जमिनीत पुरून घ्यावी. पण तो खर्च बंगल्यातल्या कुत्र्यापायी करावा लागत असेल, तर त्यातला वाटा बंगल्याने उचलला पाहिजे.

कुत्रं पाळणाऱ्यांनो, रात्री फाटक लावा. तुमच्या कुत्र्याने कोंबडी मारलीच, तर तिची मालकीण दारात येण्याची वाट पाहू नका. स्वतः तिच्या घरी जा आणि ती सांगेल तो पैसा घासाघीस न करता तिच्या हातावर ठेवा.