पहिली कॅप्टन मार्वल कोण होती?

८ मार्च २०१९ ला, नेमक्या महिला दिनी, अमेरिकेत 'कॅप्टन मार्वल' हा सिनेमा प्रदर्शित झाला. त्यावरून सुपरहिरोंच्या चाहत्यांमध्ये जे भांडण पेटले ते अजून पुरते विझलेले नाही. एका छावणीचे म्हणणे असे की ही बाई गर्विष्ठ आहे, हसत नाही, तिला फुकटची ताकद देऊन ठेवली आहे आणि स्त्रीवादाच्या नावाखाली आमचे आवडते नायक मागे ढकलले जात आहेत. दुसरी छावणी विचारते, इतकी वर्षे पुरुषच जग वाचवत आले, आता एक बाई वाचवते आहे तर तुमच्या पोटात का दुखते? आपल्याकडची हे सिनेमे पाहणारी पोरेपोरीही या वादात हिरीरीने उतरली. त्यांत चळवळीतलेही होते, आणि ते साहजिकच दुसऱ्या छावणीत होते.

बाजूच निवडायची झाली तर माझीही तीच. पण मित्रांनो, आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. ज्या नावावरून एवढे रण माजले, ते 'कॅप्टन मार्वल' हे नाव मिळालेली पहिली स्त्री कोण? बहुतेक जण सिनेमातल्या कॅरल डॅनव्हर्सचे नाव घेतील. ते उत्तर चूक आहे, आणि ते चूक का ठरते यातच या सगळ्या भांडणातली न बोललेली गोष्ट दडलेली आहे.

आधी पहिल्या छावणीचा हिशेब करून टाकू. त्याला फार जागा द्यायची गरज नाही. सिनेमाचा ट्रेलर आला तेव्हा नायिका हसत का नाही म्हणून ओरड झाली. काही महाभागांनी पोस्टरवरच्या तिच्या चेहऱ्यावर स्वतःच हसू चिकटवले. आयर्न मॅन आणि बॅटमॅन किती वेळा हसतात हे कोणी मोजले नव्हते. रॉटन टोमॅटोज या समीक्षा एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर सिनेमा लागायच्या आधीच नावडतीचा इतका पाऊस पडला की, फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी 'पाहण्याची इच्छा' दाखवणारी टक्केवारी आणि प्रदर्शनापूर्वीची मते देण्याची सोय दोन्ही काढून टाकली. एवढे होऊनही सिनेमाने जगभरात ११३ कोटी डॉलर कमावले.

हा राग कुठून आला तेही पाहा. नायिकेचे काम करणारी ब्री लार्सन २०१८ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात बोलली होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका अभ्यासात दिसले होते की २०१७ च्या सर्वाधिक चाललेल्या सिनेमांची सुमारे ६४ टक्के परीक्षणे गोऱ्या पुरुषांनी लिहिली आहेत. लार्सनचा मुद्दा साधा होता. सावळ्या मुलींसाठी केलेला सिनेमा कसा वाटला, हे त्या मुलींकडून ऐकायला मिळावे. त्यांना प्रेस शोची आमंत्रणे मिळावीत. तिने उदाहरण दिले होते 'अ रिंकल इन टाइम' या सिनेमाचे. त्याची दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने ही कृष्णवर्णीय. म्हणजे लार्सनने शिव्या खाल्ल्या त्या कृष्णवर्णीय स्त्रियांची बाजू घेतल्याबद्दल. पण पुढच्या सगळ्या गदारोळात त्या स्त्रिया कुठेच उरल्या नाहीत. भांडण राहिले ते गोरे पुरुष आणि एक गोरी नटी यांच्यातले.

मला सिनेमा ठीकठाक वाटला. त्यावर रास्त टीका करणारेही होते. अमेरिकन हवाई दलाने या सिनेमाच्या लाटेवर स्वार होऊन स्त्रियांच्या भरतीची जाहिरात थिएटरांत चालवली, यावर युद्धविरोधी मंडळींनी बोट ठेवले. पण तुम्ही सिनेमाच्या बाजूचे की स्त्रीद्वेष्ट्यांच्या, एवढाच प्रश्न शिल्लक असताना असल्या तिसऱ्या आवाजाला कोण विचारतो?

चाहत्यांचे वाद नेहमीच असे वाया गेले असे मात्र नाही. कॅरल डॅनव्हर्स हे पात्र १९६८ चे. १९७७ मध्ये तिला 'मिस मार्वल' म्हणून स्वतःची मालिका मिळाली. १९८० मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या २०० व्या अंकात एक पुरुष तिला पळवतो, यंत्राने तिच्या मनावर ताबा मिळवतो, तिच्यावर मूल लादतो. आणि शेवटी ती त्याच्याबरोबर जायला निघते तेव्हा तिचे सहकारी तिला हसतमुखाने निरोप देतात. एका वाचक स्त्रीने लेख लिहून याला स्वच्छ शब्दांत बलात्कार म्हटले. लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनाही ते खटकले होते. १९८१ च्या विशेष अंकात त्यांनी कॅरलला परत आणले आणि त्याच सहकाऱ्यांना तोंडावर जाब विचारायला लावला. वाचून, मुद्दा धरून केलेली टीका आणि पोस्टरवर हसू चिकटवणे यांत हा फरक आहे.

आता त्या नावाकडे येऊ. 'कॅप्टन मार्वल' हे नाव मुळात दुसऱ्याच प्रकाशनाच्या १९४० च्या एका नायकाचे. तो नायक खटल्यांत अडकून बंद पडला आणि १९६७ मध्ये मार्वल कंपनीने ते नाव आपल्या परग्रहवासी नायकाला देऊन त्यावर हक्क सांगितला. असे व्यापारी नाव वापरात ठेवावे लागते, नाहीतर हातचे जाते. १९८२ मध्ये कंपनीने त्या नायकाचा कर्करोगाने मृत्यू दाखवला, आणि त्याच वर्षी नाव दुसऱ्या पात्राला दिले.

ते पात्र म्हणजे मोनिका रॅम्बो. न्यू ऑर्लिन्सच्या बंदरावरच्या गस्ती दलातली लेफ्टनंट, कृष्णवर्णीय बाई. लेखक रॉजर स्टर्न आणि चित्रकार जॉन रोमिता ज्युनियर यांनी ती घडवली. प्रकाश, वीज, क्ष-किरण, रेडिओ लहरी, कोणत्याही रूपात तिला शरीर बदलता येते. ती अ‍ॅव्हेंजर्समध्ये आली, आणि १९८७ मध्ये त्या गटाची प्रमुख झाली. गटात थॉर होता, कॅप्टन अमेरिका होता. हे दोघे एका काळ्या बाईच्या हुकमात! आज ज्याला क्रांतिकारक म्हणून मिरवले जाते ते बत्तीस वर्षे आधी स्वस्त छापील अंकांत घडून गेले होते.

किती दिवस टिकले? स्टर्न यांनी पुढे सांगितले आहे की, तिला प्रमुखपदावरून काढून कॅप्टन अमेरिकेला पुढे आणण्याची सूचना संपादकाकडून आली. ज्या रीतीने ते करायचे ठरत होते ते वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी दिसेल अशी हरकत स्टर्ननी घेतली, आणि मालिका त्यांच्या हातून गेली. १९८८ मध्ये मोनिकाची शक्ती एका लढाईत संपवण्यात आली, शरीर वाळून काटकीसारखे झाले आणि ती गटाबाहेर पडली. नंतर शक्ती परत आली. नेतृत्वाचे ते दिवस परतले नाहीत.

मग नाव गेले. मूळ नायकाचा मुलगा जेनिस-व्हेल पुढे आला आणि बापाच्या नावावर त्याचा वारसाहक्क मानला गेला. १९९६ मध्ये मोनिकाने मोठ्या मनाने ते नाव त्याला सोडले आणि स्वतःसाठी 'फोटॉन' हे नाव घेतले. काही वर्षांनी त्याच जेनिसने 'फोटॉन' हेही नाव घेतले, तेव्हा ती 'पल्सर' झाली. मग 'स्पेक्ट्रम'. एकाच पुरुषाला आपले नाव दोनदा द्यावे लागलेली दुसरी सुपरहिरो मला तरी माहीत नाही. कथेत हे तिचे औदार्य म्हणून येते. पण कथा लिहिणारा हात आणि कथेतला हात वेगळे असतात. औदार्य दाखवायची पाळी दर वेळी हिच्यावरच का यावी, हे त्या लिहिणाऱ्या हाताला विचारायला हवे.

२०१२ मध्ये केली सू डिकॉनिक यांनी कॅरलला कॅप्टन मार्वल केले. पोहण्याच्या पोशाखासारखे तिचे जुने कपडे जाऊन वैमानिकाला शोभेल असा गणवेश आला. ते चांगलेच झाले. असंख्य बायका-मुलींनी हा अंक आपला मानला, स्वतःला 'कॅरल कोअर' म्हणवू लागल्या. त्याच मालिकेत मोनिकाही येते आणि नावावरून दोघींची बोलाचाली होते. निदान लेखिकेला तिची आठवण होती. कौतुक करणाऱ्या बहुतेकांना ती नव्हती. 'अखेर एक स्त्री कॅप्टन मार्वल झाली' हे वाक्य तेव्हापासून रूढ झाले. त्यातल्या 'स्त्री' या शब्दाचा अर्थ गोरी स्त्री असा आहे, हे म्हणणाऱ्यांच्याही लक्षात आले नसेल. लक्षात येत नाही म्हणूनच ते इतके सहज बोलले जाते.

हे फक्त चित्रकथांत घडते असे समजू नका. अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय कामगार स्त्रियांनी जनरल मोटर्सवर खटला भरला होता. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. मंदी आली तेव्हा शेवटी आलेल्यांना आधी काढा हा नियम लावला, आणि १९७० नंतर कामावर आलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया बाहेर पडल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. कंपनी स्त्रियांना कामावर घेते, म्हणजे कचेरीत गोऱ्या स्त्रिया आहेत, तेव्हा लिंगभेद नाही. आणि कृष्णवर्णीय असून स्त्री असणे हा वेगळा वर्ग मानता येणार नाही! याच निकालाची चिरफाड करत किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. योगायोग असा की, त्याच वर्षी आपल्याकडे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झाले. ते वाचलेल्याला मोनिका रॅम्बोचे काय झाले हे समजावून सांगावे लागत नाही. शीर्षकातला तो 'ही' कोणाकोणाला उद्देशून आहे, हे आपल्या घरातल्या बायांनी फार आधी ओळखले होते.

आता २०१९ च्या सिनेमात मोनिका कुठे आहे ते पाहा. ती आहे. कॅरलच्या मैत्रिणीची, मारिया रॅम्बो या वैमानिक बाईची, लहानगी मुलगी म्हणून. कॅरलच्या गणवेशाला कोणते रंग शोभतील हे ती निवडून देते. ज्या पात्राने कॅरलच्या तीस वर्षे आधी ते नाव मिळवले, ती आता डोळे मोठे करून कॅरलकडे पाहणारी पोर झाली आहे. प्रसंग गोड आहे, थिएटरात लोकांना तो आवडला, आणि मुलीचे काम करणारी अकिरा अकबर छानच आहे. पण ज्याला इतिहास माहीत नाही त्याला वाटणार की, कॅरल होती म्हणून मोनिका घडली. क्रम उलटा करायला एवढा एक गोड प्रसंग पुरतो.

स्त्रीद्वेष्ट्या छावणीला यात काहीच खटकले नाही. जुने अंक तोंडपाठ असल्याचा, मूळ कथेशी इमान राखण्याचा दावा हीच मंडळी मोठ्याने करतात. पात्राचा रंग बदलला, कपडे बदलले की मूळ कथा बुडाली म्हणून छाती पिटतात. मग अ‍ॅव्हेंजर्सची एक माजी प्रमुख अकरा वर्षांची पोर झाली तेव्हा हे मूळ कथेचे रखवालदार कुठे होते? आणि समर्थक छावणीलाही ती आठवली नाही, कारण तिची आठवण काढली तर 'पहिली' या शब्दावर उभारलेला उत्सव अडचणीत आला असता.

२०२३ च्या नोव्हेंबरात 'द मार्व्हल्स' आला. कॅरल, जर्सी सिटीची पाकिस्तानी कुटुंबातली कमला खान आणि तियोना पॅरिसने साकारलेली मोठी मोनिका अशा तिघी. दिग्दर्शिका निया डकोस्टा, मार्वल स्टुडिओचा सिनेमा करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कलाकारांचा संप सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी मिटला, त्यामुळे तोवर नट्यांना प्रचारही करता आला नव्हता. सिनेमा सुमारे २० कोटी ६० लाख डॉलरवर थांबला, स्टुडिओच्या इतिहासातली सगळ्यात कमी कमाई. पहिल्या छावणीने दिवाळी साजरी केली. कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांनी चित्रीकरणावर वरिष्ठांची पुरेशी देखरेख नव्हती असे जाहीर बोलून दाखवले. दिग्दर्शिकेच्या वाट्याला येणारी ही भाषा आपल्या ओळखीची आहे. यश आले की कंपनीची दूरदृष्टी, अपयश आले की 'यांच्यावर लक्ष ठेवायला हवे होते'. आणि सिनेमाच्या शेवटी मोनिका दुसऱ्याच विश्वात अडकून पडते, बाकी दोघी घरी परततात.

छापील अंकांत मात्र एक गोष्ट घडली. 'कॅप्टन मार्वल' असताना मोनिकाच्या नावाने १९८९ आणि १९९४ मध्ये एकेक विशेष अंक निघाला होता, सलग मालिका कधीच नाही. ती डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, म्हणजे पात्र जन्मल्यानंतर चाळीस वर्षांनी. लेखिका ईव्ह यूइंग, शिकागोची कवयित्री आणि समाजशास्त्राची अभ्यासक, कृष्णवर्णीय. अंक पाचच. मुखपृष्ठावर आधी तिचे स्वतःचे नाव आहे, मोनिका रॅम्बो, आणि त्याच्याबरोबर जेनिसने नेलेले 'फोटॉन'. 'कॅप्टन मार्वल' त्यावर नाही.