निळ्या लाटा व्हायरल होतात, पण समुद्रातला चारा कोण मोजतंय?

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लवकांवर बांगडा आणि तारली जगतात. समुद्र तापतोय तसं हे जग बदलतंय. ते नेमकं कसं बदलतंय, हे सांगायला आपल्याकडे पुरेशा नोंदी मात्र नाहीत.

नोव्हेंबर २०२० आठवतोय? जुहूपासून देवगडपर्यंत रात्री निळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. त्यानंतरही असे व्हिडिओ अधूनमधून येत असतात. डिजिटल डेस्कवर काम करणाऱ्यांसाठी ही हमखास चालणारी बातमी. एका वर्षी मी तिला 'निसर्गाचा चमत्कार' असं शीर्षक दिलं, तर दुसऱ्या वर्षी 'हवामान बदलाचा इशारा'. दोन्ही वेळा बातमी चांगली वाचली गेली. आज मागे वळून पाहताना वाटतं, दोन्ही शीर्षकं घाईची होती. खरी गोष्ट त्या प्रकाशापेक्षा मोठी आहे आणि ती आपल्या ताटापर्यंत येते.

प्लवक म्हणजे नक्की कोण?

समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जीव म्हणजे प्लवक. त्यांचे दोन मुख्य गट. वनस्पती प्लवक सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न तयार करतात. प्राणी प्लवक त्यांना किंवा एकमेकांना खातात. बहुतेक प्लवक सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. पण पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं काम समुद्रातले हे जीव करतात. उरलेलं निम्मं जमिनीवरची सगळी जंगलं, गवताळ रानं आणि शेतं मिळून करतात.

कोकणी माणसाला प्लवक अगदीच अनोळखी नाहीत. आपण कांद्यावर परतून खातो तो जवळा याच तरंगत्या जगातला, जरा मोठ्या आकाराचा जीव. तारली प्रामुख्याने वनस्पती प्लवकांवर जगते. बांगडा दोन्ही प्रकारचे प्लवक खातो. सुरमईसारखे मोठे मासे या लहान माशांना खातात. म्हणजे प्लवक हा समुद्रातला चारा. चारा कमी झाला किंवा त्याची जात बदलली, तर वरची सगळी साखळी हलते.

समुद्र तापला की चारा का घटतो?

घरातला साठवणीचा गीझर आठवा. त्यातलं गरम पाणी टाकीच्या वरच्या भागात राहतं आणि थंड पाणी तळाशी. कारण गरम पाणी हलकं असतं. समुद्राचंही तसंच. ऊन वरून पडतं, वरचा थर तापतो आणि हलका होऊन वरच राहतो. खालचं पाणी थंड आणि जड.

अडचण अशी की प्रकाश वर असतो आणि खत खाली. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही पोषकद्रव्यं खालच्या थंड पाण्यात साठलेली असतात. वाऱ्याने, थंडीने पाणी घुसळलं गेलं की ती वर येतात आणि वनस्पती प्लवकांची वाढ होते. वरचा थर जितका तापेल तितका तो झाकणासारखा घट्ट बसतो आणि खालचं खत वर येणं अवघड होतं.

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान सरासरी सुमारे एक अंशाने वाढलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपग्रहाच्या नोंदी आणि संगणकीय प्रारूपांच्या आधारे एक निष्कर्ष मांडला. पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत आणि त्यामागचं मुख्य कारण म्हणजे हेच घट्ट बसलेलं झाकण.

हिमालयातला बर्फ आणि अरबी समुद्र

आता निळ्या लाटांकडे येऊ. त्या चमकेमागे बऱ्याचदा नॉक्टिल्युका नावाचा जीव असतो. एकपेशीय असूनही तो नुसत्या डोळ्यांना बारीक ठिपक्यासारखा दिसू शकतो. पाणी हललं की चमकतो. अरबी समुद्राच्या उत्तर भागात त्याची हिरवी जात आढळते. तिच्या पेशीत हिरवे सूक्ष्म जीव राहतात आणि तिला आतून अन्न पुरवतात. शिवाय ती स्वतः इतर प्लवकांना गिळते. थोडक्यात, घरचा डबाही आहे आणि बाहेरचं खाणंही चालू आहे.

उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायटम या वनस्पती प्लवकांचा बहर येत असे. हिमालयाकडून येणारे थंड, कोरडे वारे समुद्राचा पृष्ठभाग गार करतात. गार झालेलं पाणी जड होऊन खाली जातं, घुसळण होते आणि खत वर येतं. २००० नंतरच्या दशकात संशोधकांना डायटमच्या जागी हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड थर दिसू लागले. अमेरिकेतल्या लॅमॉन्ट-डोहर्टी वेधशाळेतले जोआकिम गोएस, हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याचा संबंध हिमालय आणि तिबेटच्या पठारावरच्या घटत्या बर्फाशी जोडला. बर्फ कमी, म्हणून वारे कमी थंड आणि जास्त दमट. म्हणून घुसळण कमी आणि खतही कमी. अशा उपासमारीत ज्याच्याकडे घरचा डबा आहे, तो टिकतो.

यात नुकसान कुणाचं? नॉक्टिल्युका खाणारे मासे फारसे नाहीत. तो खातात मुख्यतः जेलीफिश आणि साल्प यांच्यासारखे पारदर्शक, लिबलिबीत जीव. म्हणजे समुद्र हिरवागार दिसत असला, तरी तो चारा बांगड्यापर्यंत, पर्यायाने आपल्यापर्यंत पोहोचत नाही. रान गवताने भरावं आणि गाईने त्याला तोंड लावू नये, तसं.

मग शास्त्रज्ञांचं एकमत का नाही?

इथवर गोष्ट सरळ वाटते. पण याच गोएस यांच्या गटाने २००५ मध्ये नेमकं उलटं चित्र मांडलं होतं. १९९७ नंतरच्या काही वर्षांच्या उपग्रह नोंदींवरून त्यांना पश्चिम अरबी समुद्रात वनस्पती प्लवक झपाट्याने वाढताना दिसले होते. नॉक्टिल्युकाच्या बाबतीतही मतभेद आहेत. पाण्यातला ऑक्सिजन घटल्यामुळे तो फोफावतो, असं एक म्हणणं. ऑक्सिजन नव्हे, तर पाण्याचं तापमान हा त्याचा लगाम आहे, असं काही भारतीय शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मांडलं. त्यात किनाऱ्याजवळच्या चमकेमागे शहरांचं सांडपाणीही असू शकतं.

हे वाचून 'बघा, शास्त्रज्ञांनाच काही माहीत नाही' असा अर्थ काढू नये. समुद्र तापतोय यावर वाद नाही. वाद आहे तो परिणाम कुठे, किती आणि कोणत्या जातीवर होतो यावर. आणि तो मिटत नाही याचं मोठं कारण साधं आहे. आपल्याकडे पुरेशा लांब नोंदीच नाहीत. सात-आठ वर्षांच्या आलेखावर रेघ ओढली तर ती वरही जाऊ शकते आणि खालीही.

उत्तर अटलांटिकमध्ये काय झालं ते पाहा. तिथे १९३१ पासून मालवाहू जहाजांच्या मागे एक साधं यंत्र बांधून ओढलं जातं. त्यातल्या रेशमी जाळीवर प्लवक अडकतात आणि नंतर ते मोजले जातात. या कंटाळवाण्या कामातून २००२ मध्ये स्पष्ट झालं, की गरम पाण्यातले कोपेपॉड हे प्राणी प्लवक चार दशकांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले. उत्तर समुद्रात थंड पाण्यातल्या कोपेपॉडची जागा दुसऱ्या जातीने घेतली. कॉड माशाच्या पिल्लांचं खाणंच बदललं. ही माहिती एका मोहिमेतून मिळाली नसती.

आपल्याकडे काय आहे, काय हवं?

आपण अगदी रिकामे नाही. समुद्राचा रंग टिपणारे इस्रोचे ओशनसॅट उपग्रह १९९९ पासून आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाण्याचा रंग आणि तापमान पाहून मासे कुठे सापडण्याची शक्यता आहे, याची सूचना मच्छीमारांना देते, मराठीतही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात पाण्याचे नमुने घेण्याचं काम सुरू ठेवलं आहे.

पण उपग्रहाला पृष्ठभागाजवळचंच दिसतं आणि ढगांच्या आड काहीच दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर प्लवकांची मोठी वाढ नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात होते, म्हणजे आकाश झाकलेलं असतं तेव्हाच. शिवाय पाणी हिरवं आहे, हे उपग्रह सांगतो. त्यातला चारा माशांच्या कामाचा आहे की नाही, हे खात्रीने कळायला अजूनही बादली, जाळी आणि सूक्ष्मदर्शकच लागतो.

हे न कळण्याची किंमत मच्छीमार मोजतो. केरळमध्ये तारलीची आवक २०१२ मध्ये चार लाख टनांच्या आसपास होती. २०२१ मध्ये ती अवघी ३,२९७ टन झाली. पुढे ती पुन्हा सावरली. या घसरणीत अति मासेमारीचा वाटा किती, एल निनोचा किती आणि बदललेल्या चाऱ्याचा किती, हे वेगळं करता आलं नाही, तर बंदी कुणावर घालायची आणि मदत कुणाला द्यायची, हे सरकार ठरवणार कसं? सगळं खापर हवामान बदलावर फोडलं की लहान आसाची जाळी सुटतात. सगळं मच्छीमारावर फोडलं की तापणारा समुद्र सुटतो.

म्हणून माझं मत साधं आहे. कांदोळीसारखी ठिकाणं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही हवीत. डहाणू, मुंबई, रत्नागिरी, मालवण अशा चार जागा घ्या. दर पंधरा दिवसांनी तीच जागा, तीच जाळी, तीच पद्धत. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत केंद्रीय संस्था आहेत आणि रोज समुद्रात जाणाऱ्या बोटी आहेत. उपग्रह सोडण्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. अट एकच, निधी तीन वर्षांच्या प्रकल्पापुरता नको. निदान तीस वर्षं तरी खंड पडायला नको. पहिल्या दहा वर्षांत कदाचित काहीच सनसनाटी हाती लागणार नाही. तरीही मोजत राहायला हवं.

निळी लाट दिसली तर व्हिडिओ जरूर काढा. सोबत तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा, पुढे एखाद्या अभ्यासकाला ते उपयोगी पडेल. आणि आमच्यापैकी कुणी तिला पुन्हा 'चमत्कार' किंवा 'इशारा' म्हणालं, तर खाली कमेंटमध्ये एवढंच विचारा: त्या पाण्याचा नमुना कुणी घेतला का?