संमीलनासाठीं कणविज्ञानाचा बळी ?

सूर्यांत हलक्या अणूंचे गर्भ एकमेकांत मिळून ऊर्जा प्रकट होते. ही संमीलनाची भट्टी पृथ्वीवर पेटविणें हेंच भौतिकशास्त्राचें आजचें कर्तव्य असून मूलकणांचा शोध हा केवळ बुद्धीचा विलास आहे. तेव्हां त्याची थैली संमीलनाच्या पदरांत टाकावी, असें एक मत हल्लीं मोठ्या ठामपणें मांडलें जातें. आपला देश २००५ सालीं फ्रान्समधील आयटर प्रकल्पांत सहभागी झाला आणि २०१७ सालीं सर्न या कणविज्ञानसंस्थेचा सहयोगी सदस्य झाला. म्हणून हा वाद आपणांस परका नाहीं. हें मत व्यवहारी दिसलें तरी आम्हांस तें अदूरदर्शी वाटतें.

प्रथम वंशावळ पाहूं. १९३४ सालीं केंब्रिज येथें रदरफोर्ड, ऑलिफंट व हार्टेक यांनीं जड हायड्रोजनवर जड हायड्रोजनच्याच कणांचा मारा केला, आणि संमीलनाची क्रिया प्रयोगशाळेंत दिसून आली. आजच्या भट्ट्यांची भिस्त ज्या ट्रिटियमवर आहे, तेंही त्याच प्रयोगांत हातीं आलें. त्या तिघांस वीजघर बांधावयाचें नव्हतें. अणूच्या पोटांत काय आहे, एवढेंच पाहावयाचें होतें.

बरें, एकाची थैली काढली म्हणजे ती दुसऱ्याला मिळते काय ? १९९३ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें टेक्ससमधील प्रचंड कणत्वरकाचें काम बंद पाडलें. तोंवर सुमारें २०० कोटि डॉलर खर्ची पडले होते व २२ किलोमीटरांहून अधिक बोगदा खणून झाला होता. पुढें काय झालें ? १९९६ सालीं संमीलनाचेंही अनुदान सुमारें एकतृतीयांशानें घटलें, आणि १९९८ सालीं अमेरिका आयटरमधून बाहेर पडली; ती परतली २००३ सालीं. एका चुलींतलें लांकूड ओढल्यानें दुसरी चूल पेटली नाहीं. दोन्ही विझावयास लागल्या.

संमीलनाला पैसा देऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. १९५५ सालीं जिनीव्हा येथें डॉ. होमी भाभांनीं वीस वर्षांत ही ऊर्जा ताब्यांत येईल असें भाकीत केलें. त्यास सत्तर वर्षें लोटलीं. २०२२ च्या डिसेंबरांत कॅलिफोर्नियांत २.०५ मेगाज्यूल प्रकाशऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाली, हा मोठाच विजय. परंतु तेवढा प्रकाश निर्माण करण्यास सुमारें ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. अशा विद्या तिथिवार पाहून फळत नाहींत.

कणविज्ञानाच्या कैवाऱ्यांनींही खोटी आशा दाखवूं नये. २०१२ सालीं हिग्ज कण सांपडला म्हणून कोणाच्या घरीं दिवा लागला नाहीं. त्या शास्त्राचा हक्क ज्ञानाचा आहे, व तेवढा पुरेसा आहे. संमीलनाचा खर्च ऊर्जेच्या खात्यांत घालावा आणि त्याची तुलना कोळशाशीं व सौरऊर्जेशीं करावी. कणविज्ञानाचा खर्च विद्येच्या खात्यांत राहूं द्यावा.

थोरल्याच्या धंद्याला भांडवल हवें म्हणून धाकट्याची शाळा बंद करणारा गृहस्थ आपणांस शहाणा वाटत नाहीं. मग राष्ट्रानें तेंच केलें असतां त्याला दूरदृष्टि कां म्हणावें ?