पाऊण टक्का

रविवारी सोसायटीची वार्षिक सभा झाली. झाली म्हणजे काय, दीड तास भांडण आणि मग समोसे! विषय नेहमीचाच, दुरुस्ती निधी वाढवायचा का?

आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या (जमिनीची किंमत सोडून) निदान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी या निधीत जायला हवी. म्हणजे १० लाखांच्या बांधकामाला वर्षाला ७,५०० रुपये, महिन्याला ६२५. आम्ही देतो १००. वाढवा म्हटलं की लगेच, "आम्ही काय पैसे छापतो का?"

२०१९ साली ट्रायच्या नव्या नियमांनी चॅनलं निवडून घ्यायची वेळ आली, तेव्हा याच मंडळींनी रुपया-रुपयाचा हिशोब मांडला होता. आता प्रत्येकाच्या खात्यातून दोन-तीन ओटीटीचे पैसे आपोआप कापले जातात, कुणी हूं की चूं करत नाही. मीही त्यातलाच. एक ॲप तर मी दिवाळीपासून उघडलेलंसुद्धा नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू सभेत गप्प बसल्या होत्या. पावसाळ्यात त्या पलंगाशेजारी बादली ठेवून झोपतात. गच्चीची गळती काढणं हे सोसायटीचं काम, असं उपविधीतच आहे. पण दिवाळीला गच्ची सगळ्यांची, पावसाळ्यात मात्र एकट्या काकूंची!

घरी येऊन ते ॲप बंद केलं. १९९ रुपये वाचले. त्याने गच्ची दुरुस्त होणार नाही, ठाऊक आहे. पण पुढच्या सभेत "परवडत नाही" असं मला तरी म्हणता येणार नाही.