रोज मैदानावर येणारा माणूस

समाजसेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः दोन चित्रे उभी राहतात. एक, पूर किंवा भूकंपाच्या वेळी धावून जाणाऱ्या तरुणांचे. दुसरे, सढळ हाताने देणगी देणाऱ्या दात्याचे. या दोहोंची थोरवी निर्विवाद आहे. परंतु सेवेचा आणखी एक प्रकार असतो. तो सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि म्हणूनच त्याचे मोल कमी लेखले जाते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षे हजर राहणे, ही ती सेवा होय. वस्तीतील मुलांसाठी फुटबॉलचा संघ उभा करणारा स्वयंसेवक हीच सेवा करीत असतो.

या कामासाठी फुटबॉल हा खेळ विशेष सोयीचा आहे. एका चेंडूमागे दोन्ही बाजूंची मिळून बावीस मुले धावू शकतात. बॅट, पॅड, हातमोजे यांचा खर्च नाही. गोलखांब नसले तर दोन दगडही पुरतात. तथापि खेळ स्वस्त आहे म्हणून तो मुलांपर्यंत आपोआप पोहोचतो, असे मात्र घडत नाही. मोकळ्या जागेवर वाहने उभी राहतात, मोठी मुले लहानांना हुसकावून लावतात आणि मुलींना तर कोणी बोलावीतच नाही. म्हणजे उणीव असते ती मुख्यतः माणसाची.

नागपूरचे उदाहरण या दृष्टीने मनन करण्याजोगे आहे. विजय बारसे हे तेथील हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसात एका झाडाच्या आडोशाला ते उभे असता, झोपडपट्टीतील काही मुले फुटकी बादली पायाने तुडवीत, ढकलीत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी त्या मुलांना फुटबॉल दिला. ते तेथेच थांबले असते, तर ते एक सत्कृत्य ठरले असते, इतकेच. पण ते थांबले नाहीत. मुले जोवर मैदानात असतात तोवर व्यसनापासून आणि भांडणांपासून दूर राहतात, हे त्यांनी हेरले आणि झोपडपट्ट्यांतील संघांची स्पर्धाच भरवली. या उपक्रमाला त्यांनी ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असे नाव दिले. ज्या शब्दाने ही मुले हिणवली जात, तोच शब्द त्यांच्या संघाच्या माथ्यावर आला. पुढे अमेरिकेतून परतलेले त्यांचे पुत्र अभिजित बारसे यांनीही या कामाला वाहून घेतले. ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेला २०१६ मध्ये ‘फिफा’ या जागतिक संघटनेचा विविधता पुरस्कार मिळाला. बारसे यांच्या कार्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.

पुरस्कार आणि चित्रपट यांहूनही एक गोष्ट महत्त्वाची आहे. बेघर आणि वंचित खेळाडूंसाठी ‘होमलेस वर्ल्ड कप’ ही जागतिक स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झाली. मैदान लहान, प्रत्येक बाजूला चारच खेळाडू आणि सामना अवघा चौदा मिनिटांचा. या स्पर्धेचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे : कोणताही खेळाडू आयुष्यात एकदाच तीत भाग घेऊ शकतो. एकदा खेळून झाले की त्याने आपल्या वस्तीत परतावे आणि नवे आयुष्य उभारावे, ही त्यामागील दृष्टी. नागपूरचा अखिलेश पॉल तरुणपणी गुन्हेगारीच्या वाटेवर गेला होता, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. फुटबॉलने त्याला त्या वाटेवरून परत फिरवले. २०१० मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे तो भारतीय संघाचा कर्णधार होता आणि परतल्यावर तो मुलांना शिकवू लागला. कालचा शिष्य उद्याचा शिक्षक व्हावा, यापरते सेवेचे दुसरे फळ कोणते?

आता काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, हे काम शासनाचे आहे. ते अंशतः खरे आहे. पण महाराष्ट्रापासून दूर, तमिळनाडूतील तंजावर शहराकडे पाहावे. सतराव्या शतकापासून मराठी कुटुंबे तेथे नांदत आली आहेत. त्या शहरात शासनाचे अन्नै सत्या क्रीडांगण आहे. अशी क्रीडांगणे बांधणे हे शासनाचे कर्तव्यच होय. परंतु दूरच्या वस्तीतील दहा वर्षांच्या मुलाला हाताला धरून त्या फाटकापर्यंत नेणे, तो दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारपूस करणे, हे काम शासनाचा कोणता विभाग करील? ते शेजारच्यांनीच करावयाचे असते. शिवाय ज्या शहरात कोणाच्या घरी तमिळ, कोणाच्या घरी मराठी, तर कोणाच्या घरी सौराष्ट्री बोलली जाते, तेथे मैदानासारखी दुसरी शाळा नाही. चेंडू पुढे द्यावयाचा तर जवळच्या खेळाडूची घरची भाषा विचारीत बसता येत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा : खेळामुळे अभ्यास बुडतो. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. वेळेचे बंधन नसलेला खेळ अभ्यास बुडवू शकतो. नेमाचा खेळ मात्र मुलाला वेळ पाळावयास शिकवतो. म्हणून शाळेची वेळ सांभाळून सराव ठेवणे, पालकांची संमती घेणे, मुलींना सोयीची वेळ आणि शक्यतो स्त्री मार्गदर्शक देणे, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवणे, या साध्या गोष्टी स्वयंसेवकाने पहिल्या दिवसापासून पाळल्या पाहिजेत. केवळ सद्भावना मुलांच्या सुरक्षिततेला पुरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे : स्वयंसेवक थकतो. त्याची नोकरी असते, संसार असतो, आजारपणही असते. एकाच्या खांद्यावर उभे असलेले काम त्याच्याबरोबरच खाली बसते. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार यांसारख्या तालमींच्या नावाने फुटबॉल संघ टिकून राहिले, याचे कारण त्यांच्यामागे एक व्यक्ती नसून अवघी पेठ उभी असते. म्हणून आरंभीच तिघाचौघांनी आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत, हजेरीची वही ठेवावी आणि मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारी सोपवावी.

मदतीची आश्वासने मिळणे आणि मग ती विसरली जाणे, हे वंचित वस्तीतील मुलांनी लहान वयातच पुष्कळ अनुभवलेले असते. त्यामुळे नव्या चेंडूने ती हरखून जातात, पण लगेच विश्वास ठेवीत नाहीत. काल आलेला माणूस आज आला आहे का, हे ती पाहतात. तो उद्याही आला, पावसातही आला, हरलेल्या सामन्यानंतरही आला, म्हणजे मग मुलेही येऊ लागतात.